खात्याची जागल: गावाकडच्या घरानं बँक खातं आणि कागदपत्रं कशी सांभाळावीत

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा विकला गेला, की गावात फोन वाजायला लागतात. सीसीआयचा (कापूस महामंडळाचा) चुकारा, पीक विम्याची भरपाई, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता, लाडक्या बहिणीचे दीड हजार, पूर्व विदर्भात धानाचा बोनस: यातला कोणता पैसा कधी येणार हे पेपरात छापून येतं, व्हॉट्सॲपवर फिरतं. जे आपल्याला कळतं ते फसवणाऱ्यालाही कळतं. म्हणून त्याचा फोन नेमका त्याच आठवड्यात येतो आणि त्याचं बोलणं खरं वाटतं.

तुरीत रानडुकरं आणि रोही शिरू नयेत म्हणून आपण थंडीत रात्र-रात्र जागलीला जातो. तेच पीक विकून आलेला पैसा खात्यात पडला की मात्र तिकडे कोणी बघत नाही. पासबुकावर एन्ट्री मारायला जाऊ तेव्हा कळेल, असं चालतं.

ऑनलाइन सुरक्षेच्या बहुतेक सूचना शहरातल्या एकट्या माणसाला धरून केलेल्या असतात. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका, फोन कोणाच्या हाती देऊ नका.’ आपल्याकडे आजीचं खातं नातवाच्या फोनवर असतं, ई-केवायसी सेतू केंद्रातला भाऊ करून देतो, पगारी मजुराचा पैसा बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लावून निघतो. दुसऱ्याच्या हातातून काम करून घेतल्याशिवाय इथे गत्यंतर नाही. त्यामुळे खात्याची राखण एकट्यादुकट्याचं काम नसून घरानं मिळून करायचं काम आहे, आणि दुसऱ्याच्या हातून काम होत असताना आपली नजर कुठे असावी हे शिकणं त्यातलं मोठं काम आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

आधी हे वाचा: पैसे गेले तर

एरवी हा भाग लेखाच्या शेवटी येतो, आणि तिथवर कोणी वाचत नाही. म्हणून तो इथे आणला.

चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. तो काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात जातो आणि कुठल्यातरी एटीएममधून निघतो. तो निघायच्या आत वाटेत अडवला तरच परत मिळण्याची आशा असते. त्यामुळे पैसे गेल्याचं कळल्यावर घरात ‘कोणी काढले, कसे गेले’ यावर बोलत बसू नका. या क्रमानं कामाला लागा.

१. १९३० हा नंबर लावा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची ही देशभराची मदतवाहिनी आहे. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसा गेला त्या बँकेला तो रोखून धरण्याचा निरोप जातो. आपलं नाव, बँक, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता, आणि मेसेजमध्ये किंवा ॲपमध्ये दिसणारा व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. तक्रारीचा जो नंबर मिळेल तो लगेच लिहून घ्या.

२. लाईन लागत नसेल तर थांबू नका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल उघडा (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) आणि तिथे तक्रार टाका. फोनवर तक्रार झाली असेल तरी पोर्टलवरची माहिती नंतर पूर्ण करून द्यावी लागते.

३. बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. हा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. गूगलवर ‘कस्टमर केअर’ असं शोधून मिळालेला नंबर लावू नका. तिथे फसवणाऱ्यांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात, आणि एकदा लुटला गेलेला माणूस घाबरून दुसऱ्यांदा लुटला जातो.

४. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. या शिक्क्याचं महत्त्व पुढे येईल. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रारीचा नंबर दाखवून नोंद करा.

शिक्का कशासाठी? अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, याचे नियम रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली घालून दिले आहेत. चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, कोणा तिसऱ्यानंच खात्यातून पैसा ओढला, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य धरलं जातं. चार ते सात दिवसांत कळवलं तर जनधनसारख्या मूलभूत खात्यात आपल्यावर जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा आणि साध्या बचत खात्यात १०,००० रुपयांचा भार येतो. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर सोडलेलं असतं. कळवल्यावर दहा कामकाजी दिवसांत बँकेनं तेवढी रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आहे, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे. लाजेनं चार दिवस गप्प बसणारे लोक हातचा हक्क घालवतात, आणि आपल्याकडे असं फार होतं. सून सासऱ्याला सांगत नाही, मुलगा बापाला सांगत नाही.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. ग्रामीण बँका या योजनेत आहेतच, नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही आल्या आहेत. पतसंस्था मात्र यात येत नाहीत.

आता बँकेचा नंबर, १९३० आणि १४४४८ हे तिन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कॅलेंडरशेजारी लावा. फोनमध्ये सेव्ह करणं पुरेसं नाही, कारण अशा वेळी बरेचदा फोनच बंद करावा लागतो.

एक वही आणि एक संध्याकाळ

पहिलं काम फोनमधलं नाही. घरातल्या सगळ्यांची पासबुकं, आधार कार्डं आणि एटीएम कार्डं पुढ्यात घेऊन बसा. प्रत्येक खात्यापुढे लिहा: खातं कोणाचं, कोणत्या शाखेत, बँकेत कोणता मोबाइल नंबर दिलेला आहे, तो सिम आज कोणाच्या फोनमध्ये आहे, आणि सरकारी पैसा यातल्या कोणत्या खात्यात येतो. पिन आणि पासवर्ड या वहीत लिहायचे नाहीत.

बहुतेक घरांत चौथ्या प्रश्नावर गाडी अडते. आजोबांचं खातं उघडताना दिलेला नंबर आता कोणाकडेच नसतो. हे फार धोक्याचं आहे. सिम नव्वद दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. मग आजोबांच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. आपल्याला कधीच मेसेज येत नसल्यामुळे पैसे गेल्याचंही कळत नाही.

म्हणून वहीत जिथे जिथे बंद पडलेला नंबर निघेल, तिथे तिथे शाखेत जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज द्या. आधारला जोडलेला नंबर वेगळा असतो, तो आधार केंद्रावर बदलून घेता येतो. दोन्ही नंबर घरातच राहणाऱ्या माणसाचे असावेत. पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा नंबर लावून ठेवला तर ओटीपी त्याच्याकडे आणि आई केंद्रावर, असं होतं. मग तो ओटीपी फोनवर सांगावा लागतो आणि घराला तीच सवय लागते.

नंबर बदलताना शाखेत आणखी दोन गोष्टी करून घ्या. एक, प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस सुरू आहे ना हे विचारा. दोन, वारस नोंदला आहे ना ते पासबुकावर पाहा. दुसरी गोष्ट चोरीशी जोडलेली नाही, पण शाखेत गेलोच आहोत तर उरकून यावं.

आधारशी कोणतं खातं जोडलेलं आहे ते मायआधार पोर्टलवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून दिसतं. सरकारी अनुदान त्याच खात्यात पडतं. तिथे अनोळखी बँकेचं नाव दिसलं तर तुमच्या नावानं कोणीतरी खातं उघडलं आहे, असं समजून ताबडतोब आपल्या शाखेत जा.

मग पैसा दोन ठिकाणी ठेवा. चुकारा आणि अनुदान ज्या खात्यात येतं, ते खातं फोनमधल्या यूपीआय ॲपला जोडू नका. किराणा, रिचार्ज, पेट्रोल यांसाठी दुसरं छोटं खातं ठेवा, त्यात दोन-तीन हजार रुपये असू द्या आणि फोनवरून तेवढंच वापरा. मोठ्या खात्याच्या कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवा. २०२० पासून कार्डाचे असे व्यवहार चालू-बंद करण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय बँकांनी ग्राहकाला देणं सक्तीचं आहे. ॲपमध्ये सापडलं नाही तर शाखेत सांगा. माझ्या मते गावातल्या घरासाठी यासारखा उपाय नाही. पुढे सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी एखादी चुकली, तरी सोयाबीनचा पैसा हाताशी राहतो.

अंगठा कुठे लावता

आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीला पिन लागत नाही, कार्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. ज्यांना सही येत नाही, ज्यांच्या गावापासून शाखा पंचवीस किलोमीटर आहे, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मेळघाटातल्या किंवा भामरागडकडच्या म्हाताऱ्या माणसाला ती सोडा म्हणता येणार नाही. ती जपून कशी वापरायची तेवढं बघू.

सगळ्यात नेहमीची फसवणूक साधी असते. अंगठा लावला, मशीनवाला म्हणतो, “काकाजी, सर्व्हर नाही, फेल झालं. पुन्हा लावा.” दुसऱ्यांदा लावल्यावर पैसे देतो. खरं तर पहिल्या वेळीही पैसे निघालेले असतात. कधी खरंच नेटवर्क नसतं, कधी मशीनवाला प्रामाणिकही असतो, पण आपल्याला कसं कळणार? त्यासाठी नियम एकच: अंगठा दुसऱ्यांदा लावायचा असेल तर पहिल्याची पावती आधी हातात घ्यायची. व्यवहार फसला तरी फसल्याची पावती निघते. “पावती कायले पाहिजे, रोल संपला,” असं उत्तर मिळालं तर त्या दिवशी काम थांबवा आणि आधी शिल्लक किती ते पाहून घ्या.

पावतीवर तीन गोष्टी वाचायच्या: काढलेली रक्कम, उरलेली रक्कम, तारीख-वेळ. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत न्या. बुढीला एकटी पाठवू नका. तिला कळत नाही म्हणून नव्हे. शेजारी उभा राहून बघणारा कोणी असला की मशीनवालाही जपून वागतो, एवढंच त्याचं कारण.

‘केवायसी करायचं आहे’, ‘योजनेत नाव टाकायचं आहे’, ‘सिम फुकट आहे’ असं म्हणून गावात मशीन घेऊन फिरणाऱ्या अनोळखी पोरांसमोर अंगठा लावू नका. कंट्रोलवर धान्य घेताना लावायचा अंगठा वेगळा, पैसे काढायचा वेगळा, पण बोट तेच आणि मशीनही दिसायला सारखीच. ज्या कामाला आलो, त्याच कामाचं नाव आणि आकडा मशीनच्या पडद्यावर आहे ना, हे बघूनच बोट ठेवा. पीएम किसानची ई-केवायसी त्यांच्या अधिकृत ॲपवर चेहरा दाखवूनही होते, त्यासाठी अंगठा लागत नाही.

ठशांची नक्कलही होते. काही राज्यांत उघडकीला आलेल्या प्रकरणांत जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठे उतरवून त्यांचे रबरी ठसे केले होते आणि त्यावर खाती रिकामी केली होती. यावर इलाज म्हणजे आधारचे बायोमेट्रिक लॉक करणं. मायआधार पोर्टलवर किंवा आधारच्या अधिकृत ॲपवर आधार नंबर आणि ओटीपीनं आत जा, बायोमेट्रिक लॉकचा पर्याय निवडा, संमती द्या, झालं. यानंतर तुमचा ठसा कोणीही कुठेही लावला तरी तो चालत नाही, मशीनवर ३३० क्रमांकाची त्रुटी येते.

मात्र लॉक केलं की कंट्रोलवर तुमचा स्वतःचा अंगठाही चालणार नाही, आणि दुकानदार मशीन बिघडलं असं समजून परत पाठवेल. धान्य घ्यायच्या दिवशी ॲपमधून तात्पुरतं अनलॉक करायचं. ते दहा मिनिटं उघडं राहतं आणि आपोआप पुन्हा बंद होतं. म्हणजे रांगेत नंबर आल्यावर उघडायचं, घरून निघताना नाही. दुकानापाशी रेंज नसेल तर ही कसरत जमणार नाही. म्हणून मी असं सुचवेन: रेशन कार्डावरच्या एकाच माणसाचं बायोमेट्रिक उघडं ठेवा, आणि तो शक्यतो असा निवडा की ज्याच्या खात्यात मोठी रक्कम नाही. बाकीच्यांचं लॉक करून टाका.

आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते मायआधारवरच गेल्या सहा महिन्यांपर्यंतचं दिसतं. महिन्यातून एकदा बघावं. शंका असली तर आधारचा मदत क्रमांक १९४७ आहे.

ओटीपी: सांगण्याआधी वाचायचा

‘ओटीपी कोणालाच सांगू नका’ हा नियम गावात रोज मोडला जातो, आणि मोडावाच लागतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो, शेतकरी नोंदणी असो, केंद्रातला भाऊ म्हणतोच, “ताई, ओटीपी आला काय? सांगा जरा.” जो नियम पाळताच येत नाही तो लोक सोडून देतात, आणि मग नको तिथेही ओटीपी सांगतात. त्याऐवजी पाळता येईल असा नियम घरात ठरवा.

ओटीपी फक्त समोरासमोर आणि फक्त आपण स्वतः चालत जाऊन सुरू केलेल्या कामासाठी सांगायचा. फोनवर बोलणाऱ्याला कधीच नाही, मग तो बँकेचा साहेब असो, तलाठी कार्यालयातला असो की पोलीस असो. आणि सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचायचा. आकडे एवढेच महत्त्वाचे नसतात. मेसेज कोणाकडून आला आणि कशासाठी आला हे त्यातच लिहिलेलं असतं. केवायसी करायला बसलो आणि मेसेज बँकेकडून आला, त्यात ‘रुपये’, ‘डेबिट’, ‘यूपीआय नोंदणी’ किंवा ‘नेट बँकिंग’ यातला शब्द दिसला, की तिथेच थांबायचं. मेसेज इंग्रजीत असतो म्हणून हे चार शब्द इंग्रजीत कसे दिसतात ते घरातल्या मोठ्यांना एकदा कागदावर लिहून दाखवा. तेवढी ओळख पुरते.

दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला ‘बँकेचा’ मेसेज बँकेचा नसतो. बँकेचे मेसेज अक्षरी नावानं येतात.

‘एपीके’ नावाची फाईल

सध्या सगळ्यात जास्त नुकसान करू शकणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी ॲपची फाईल. नाव ओळखीचं असतं: पीएम किसानची यादी, आरटीओ चलान, बँक केवायसी, लग्नपत्रिका. लग्नसराईत पत्रिका आली तर कोण उघडणार नाही? शिवाय ती अनोळखी नंबरावरूनच येते असं नाही. मामाच्या पोराचा फोन आधी फसला असेल तर ती त्याच्याच नंबरावरून, गावच्या ग्रुपवर येते.

ओळखायची खूण अशी: पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर ती पत्रिका नाही, यादी नाही, ते ॲप आहे. ते बसवलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग ओटीपी कोणाला सांगायचीही गरज उरत नाही, तो परस्पर जातो. सरकारी ॲप हवं असेल, मग ते पीएम किसानचं असो की सीसीआयच्या कापूस नोंदणीचं ‘कपास किसान’ असो, ते प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि खाली कोणत्या संस्थेनं टाकलं आहे ते वाचा.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ अशी परवानगी असते. तिथे व्हॉट्सॲप आणि ब्राउझर या दोघांपुढची परवानगी बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये फाईल आपोआप डाऊनलोड होणं बंद करा आणि टू-स्टेप पिन लावा.

चुकून बसवलंच असेल तर त्याच क्षणी फोन फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा. पैसे गेले असतील तर १९३०. त्यानंतर ते ॲप काढा, आणि खात्री नसेल तर फोटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रिसेट करून घ्या. पिन आणि पासवर्ड स्वच्छ फोनवरूनच बदला. गावच्या ग्रुपवर लगेच आवाजी निरोप टाका, की माझ्या नंबरावरून आलेली फाईल उघडू नका.

फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप्स हाही असाच प्रकार आहे. “मी इथून करून देतो, फक्त हे ॲप टाका” असं म्हणणारा तुमच्या पिनवर बोट कुठे पडतं ते बघत असतो.

यूपीआयबद्दल थोडंच

पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना कधीच लागत नाही. बैलजोडी किंवा जुनी मोटरसायकल ऑनलाइन विकायला टाकली आणि घेणारा म्हणाला की हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील, तर ते पैसे जातील. एका माणसानं दुसऱ्याला पाठवायची ‘पैसे द्या’ ही विनंती यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे तो एक रस्ता तरी बुजला. महिन्यातून एकदा ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून न ओळखीची वसुली सुरू नाही ना, ते पाहा. दुकानदारांनी सकाळी दुकान उघडताना आपला क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून नाव तपासावं. पानठेल्यावर रात्रीतून दुसरा कोड चिकटवून जाणं फार सोपं आहे.

‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा’ असा फोन आला तर स्वतः परत पाठवू नका. आधी शिल्लक पाहा, कारण पैसे आल्याचा मेसेजच खोटा असू शकतो. खरंच आले असतील तर बँकेला सांगा, बँक परत करेल.

फोनवरचा माणूस

विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. नाव बदललं, अशा बदलात ग्राहकाच्या मनात गोंधळ असतोच. ‘तुमची जुनी बँक बंद झाली, खातं नव्या बँकेत घ्यायचं तर कार्डाचा नंबर सांगा’ असं कोणी म्हणालं तर ते पटण्यासारखं आहे, म्हणून इथे जास्त सावध राहावं लागतं. विलीनीकरणात खातं आपोआप जातं. ग्राहकाला फोनवर काही सांगावं लागत नाही. जे काही असेल ते शाखेत जाऊन.

बँकेची वेबसाइट ओळखायला आता एक चांगली खूण आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं सगळ्या बँकांना आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायचे होते. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बहुतेक सरकारी साइटचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असतो. मेसेजमधल्या लिंकचा शेवट वेगळा असेल तर ती उघडू नका.

आणि ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस, मागे ठाण्यासारखी खोली, ‘तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, कोणाला सांगू नका, फोन बंद करू नका’. कायद्यात फोनवरची अटक नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलीस, न्यायाधीश किंवा ईडी-सीबीआयचा अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, पैसे मागत नाही. फसवणाऱ्याचा सगळा जोर तुम्हाला घरच्यांपासून तोडण्यावर असतो. म्हणून घरात ठरवून ठेवा: ‘कोणाला सांगू नका’ असं जो म्हणेल, त्याचं बोलणं सुरू असतानाच स्पीकर चालू करायचा आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकवायचं. निवृत्त मास्तर, एकटे राहणारे आई-बाबा यांना हे आजच फोन करून सांगा.

आधारची झेरॉक्स आणि झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर

तालुक्याला गेलो की आपण झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर आधार, पासबुक, सातबारा पाठवतो. प्रिंट घेतो आणि निघतो. कागद त्या कॉम्प्युटरवर राहतो. प्रिंट निघाल्यावर तिथेच उभं राहून आपल्या फोनमधून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा आणि दुकानदाराला डाऊनलोड झालेली फाईल पुसायला सांगा. संकोच करू नका, चांगले दुकानदार स्वतःच पुसतात.

जिथे आधार फक्त ओळख म्हणून हवं आहे, म्हणजे लॉज, नोकरीचा अर्ज, भाड्याची खोली, तिथे मास्क केलेलं आधार द्या. ते मायआधारवरून डाऊनलोड होतं, त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त अमुक कामासाठी’, तारीख, सही. लिहिणं छायाचित्रावर आणि आकड्यांवर थोडं चढलं पाहिजे, नाहीतर कोणी कडेचं कापून टाकेल.

तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. यादीत न ओळखीचा नंबर असेल तर तिथेच ‘माझा नाही’ असं नोंदवता येतं. फोन बाजारात पडला किंवा चोरीला गेला तर आधी सिम बंद करा, मग पोलीस तक्रारीची प्रत घेऊन याच पोर्टलवरून फोनही ब्लॉक करता येतो.

खातं भाड्यानं देऊ नका

हे आपल्या पोरांसाठी. गावात, कॉलेजात कोणीतरी येतो: ‘तुझं खातं, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार देतो, तुला काहीच करायचं नाही.’ दुष्काळी वर्षात पाच हजार थोडे नसतात. पण दुसऱ्या कोणाची तरी चोरलेली रक्कम या खात्यातून जाते, आणि तपास सुरू झाला की पोलिसांना पहिलं नाव खातेदाराचं मिळतं. ज्यानं खातं घेतलं त्याचा नाव-पत्ता खोटा असतो. खातं गोठतं, गुन्हा दाखल होतो, पुढे पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणीही अडते.

खातं आधीच दिलं असेल तर आजच शाखेत जाऊन ते बंद करण्याचा लेखी अर्ज द्या, कार्ड आणि नेट बँकिंग ब्लॉक करा, सिम आपल्या नावावर असेल तर तेही बंद करा, आणि घेणाऱ्याशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट न पुसता जपून ठेवा. मग घरच्या मोठ्या माणसाला आणि शक्य असेल तर वकिलाला सोबत घेऊन ते पोलीस ठाण्यात दाखवा. पोलीस दारात येण्याआधी स्वतः गेलेल्या पोराचं ऐकून घेतलं जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.